खाटेजवळची सावड

अनसिंगपासून बैलगाडीनं तासाभरावरच्या त्या गावात जगदेवला लोक 'वेणीवाला' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागं. पण त्याला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. कारण एवढंच की हा बाप्या माणूस रोज सकाळी आपल्या बायकोची वेणी घालायचा. आता बायकोची वेणी घालणं हा काही गुन्हा नव्हे. पण सन चौपन्नच्या वऱ्हाडात एखाद्या कुणब्यानं शेजाऱ्याची म्हैस चोरली असती तर ती गोष्ट गावानं लवकर समजून घेतली असती.

जगदेव तेव्हा पस्तिशीला आलेला. उंच, रुंद हाताचा, बोलायला कमी आणि हट्टाला पुरा. त्याच्या वावरात पाणी लागणार नाही असं पाणी पाहणाऱ्यानं सांगितलं, तेव्हा यानं एकट्यानं पहार घेऊन विहीर खणायला घेतली. पाणी लागलं नाही ते नाहीच, पण खड्डा मात्र चार गावांनी येऊन पाहावा असा झाला. असा माणूस एखादी गोष्ट धरून बसला की त्याला सोडवणं देवाच्याही हातात नसायचं.

यावेळी त्यानं धरली होती ती बायको. तुळसाबाईचं पहिलं बाळंतपण वाईट गेलं. बाळ हाती लागलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं डावं अंग लकव्यानं गेलं. वाचा राहिली, उजवा हात राहिला, बाकी सगळा देह खाटेवर. माहेरी म्हातारी आई, तीही आंधळी. सासरी जाऊ होती, जगदेवच्या थोरल्या भावाची बायको. तिनं सुरुवातीला मन लावून केलं, पण तिचं स्वतःचं घर भरलेलं, पोरं, गुरं, वावर. हळूहळू तिचं येणं बाजाराच्या दिवसापुरतं उरलं. मग तुळसाबाईचं अंग पुसणं, धुणं, चादर बदलणं, घास भरवणं, सगळं जगदेवच्या अंगावर आलं, आणि तो ते करायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं. चुकतमाकत करायचा, पण करायचा.

मारोतराव त्याचा थोरला भाऊ. वाटणीत दोघांना एकेक बैल आला होता, तेव्हापासून दोघांची सावड होती. म्हणजे दोघांचे बैल मिळून एक जोडी, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात, आणि बैलाबरोबर माणूसही. पण तुळसाबाई पडल्यापासून जगदेवचा पाय घरातून निघेना. मारोतराव त्याच्या वावरात येऊन वखर धरायचे. याला त्यांच्या वावरात जायला फावत नव्हतं. मारोतराव वाईट माणूस नव्हते. भावाचं हसू होतं याचं त्यांना मनापासून दुःख व्हायचं, आणि सावड एका अंगानं चालत नाही हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी उपाय काढला तो त्या काळचा सगळ्यात सोपा उपाय: दुसरी बायको. रिसोडकडची एक मुलगी त्यांनी हेरूनही ठेवली. गरिबाघरची, कामाला वाघीण. तिनं घर सांभाळावं, तुळसेचं करावं, देवानं दिलं तर वंशही चालवावा. शिवाय घाई करायला हवी, कारण दिल्लीत कायदा होऊ घातला होता म्हणे, की एक असताना दुसरी करता येणार नाही. मारोतराव ही बातमी पिकावरच्या रोगासारखी सांगत.

जगदेवनं नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. त्याच्या नकारापुढं मारोतरावांचं काहीच चाललं नसतं, पण त्यांच्या बाजूला भलतीच साक्षीदार उभी राहिली. खुद्द तुळसाबाई. तिनं जावेच्या हाती निरोप पाठवला की सवत आणा, माझी ना नाही.

जगदेवला हे कळलं तेव्हा तो वेणीच घालत होता. हात तसाच ठेवून त्यानं विचारलं, काहून? तुळसाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुमी बाप्याची जात. तुमी माही घान काढता, आन मले दररोज मेल्यावानी होते. बाईचा हात आना घरात. नाईतं मले मरू द्या."

नुसतं बोलून ती थांबली नाही. तिनं पाणी पिणं टाकलं. पाणी कमी प्यालं की लघवी कमी, लघवी कमी की नवऱ्याला भांडं कमी वेळा धरावं लागतं, असा तिचा हिशेब. जगदेव तांब्या तोंडाला लावायचा, ती ओठ ओले करून मान फिरवायची. नवरा हट्टी होता, पण बायकोही काही कमी नव्हती. अशा दोन हट्टी माणसांचा तो संसार, आणि मध्ये तांब्याभर पाणी.

तिचं औषध आणायला जगदेव बाजाराच्या दिवशी अनसिंगला डॉक्टर पातूरकरांच्या दवाखान्यात जायचा. डॉक्टर नागपूरला शिकून आलेले, पन्नाशीचे, चष्म्यावरून बघणारे आणि ज्याच्या त्याच्यावर खेकसणारे. औषधाला बाटली आपली आपण न्यायची. कंपाउंडर त्यात लाल पाणी भरून बाजूला डोस मोजायची कागदाची खाचांची पट्टी चिकटवून द्यायचा. दवाखान्याची एक रीत मात्र जगदेवला चीड आणणारी होती. खाटेवरच्या माणसाचं औषध न्यायला आलेल्यांना डॉक्टर सगळ्यात शेवटी ठेवत. खोकलेवाला आला, आत गेला. गळू झालेला आला, आत गेला. आणि ज्याचं माणूस घरी एकटं पडलं आहे, तो ओसरीवर बसून. जगदेवला वाटलं, हा डॉक्टर आपल्याला मोजतच नाही.

त्या दिवशी तो उठून निघालाच होता, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. बाकीचे पेशंट संपले होते. ओसरीवर उरली होती ती सगळी खाटेवाल्यांचीच माणसं: दोन म्हाताऱ्या, एक पोक्त शेतकरी, जगदेव, आणि त्याच्याच गावच्या खालच्या आळीतली चतुराबाई. जानरावची बायको ती. तिचा सासरा लकवा मारून वर्षावर झालं पडून होता. एका गावची माणसं असूनही ती दोघं कधी बोलली नव्हती. परक्याच्या बायकोशी काय बोलायचं, आणि तिनं तरी काय बोलायचं.

डॉक्टरांनी कंपाउंडरला सरळ बाकावर आडवं केलं. तो बिचारा चांगला धडधाकट माणूस, पण त्याला या गोष्टीची सवय असावी. त्यानं डोळे मिटले आणि अंग ढिलं सोडलं. मग डॉक्टरांनी दाखवलं की पडलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चादर दुहेरी करून कमरेखाली कशी सरकवायची, उचलताना आपली पाठ वाकवायची नाही तर गुडघे वाकवायचे, टाचेखाली आणि माकडहाडाखाली कापसाची चुंबळ कशी ठेवायची. कापूस तर घरोघर होता. जगदेव डोळे फाडून पाहत होता. इतके महिने तो तुळसाबाईला ज्वारीच्या पोत्यासारखा उचलत आला होता, आणि पोतं काही दुखलं म्हणून सांगत नाही.

मग डॉक्टरांनी प्रत्येकाची नाडी पाहायला सुरुवात केली. जगदेवचा हात धरला तेव्हा तो म्हणाला की दुखणं आपलं नाही, घरी बायकोचं आहे. डॉक्टरांनी त्याला वाकायला लावलं. तो कळ येऊन अर्ध्यात थांबला. डॉक्टर म्हणाले, "एका खाटेमागं मला दोन रोगी दिसतात. एक वरचा, एक जवळ उभा राहणारा. वरच्याचं औषध सगळे नेतात. दुसऱ्याचं न्यायला कुणी येत नाही, म्हणून मी तुम्हाला शेवटी थांबवतो." आणि त्यांनी त्याला कमरेला लावायची औषधी चिकटपट्टी दिली. रात्री शेकून लाव, आठवडाभर राहू दे, म्हणून सांगितलं.

इथं जगदेवच्या हातून एक चूक झाली. चूक म्हणावी तर चूक, पण तिच्या मुळाशी जे होतं त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. घरी येऊन त्यानं पट्टी हातात घेतली आणि त्याला लाज वाटली. बायको पडून आहे आणि आपण औषध लावायचं? खाटेवर पडून तिचीही कंबर दुखतच होती. त्यानं पट्टी शेकली आणि तुळसाबाईच्या कमरेवर चिकटवून दिली. डॉक्टरांचं चांगलं औषध, ज्याला खरी गरज त्याला. तिलाही बरं वाटलं. तीन दिवसांनी पट्टी काढायला गेला तर पडून पडून हळवी झालेली कातडी पट्टीबरोबर निघून आली. तिथं ओली जखम झाली. त्यातच अंगात ताप भरला, आणि तुळसाबाई बरळायला लागली.

गाव जमलं. गाव अशा वेळी जमतंच. कुणी मोठ्यानं काही म्हटलं नाही, पण बाप्याच्या हातची सेवा अशीच, हे सगळ्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. मारोतराव ओसरीवर बसून राहिले होते. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आता तरी ऐक, हे मोडून चाललंय. आणि जगदेव, ज्यानं कोरड्या विहिरीलाही हार कबूल केली नव्हती, तो त्या दिवशी खचला. "पोळ्यापर्यंत थांब दादा," तो म्हणाला. "पोळ्यापर्यंत या घरात बाईच्या हाताचा बंदोबस्त नाई झाला, तं तू म्हनशीन तसं करतो." मारोतरावांना ते पुरेसं होतं. आषाढ लागला होता. पोळा काही लांब नव्हता.

दुसऱ्या दिवशी जगदेव बाजाराची वाट न पाहता अनसिंगला गेला आणि डॉक्टरांसमोर उभा राहून सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टर भडकले. ती पट्टी तुझ्या कमरेची होती, तू अक्कल कुठं गहाण टाकली होतीस, असं बरंच बोलले. जगदेवनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माही कंबर कोन विचारते, डॉक्टरसाहेब?"

"मी विचारतो," डॉक्टर म्हणाले.

 मग डॉक्टरांनी बॅग उचलली, सायकल काढली आणि चिखलातून, निम्मी वाट सायकल हातात धरून, ते जगदेवबरोबर गावाला आले. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, तुळसाबाईचे ओठ पाहिले, जीभ पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला की ही पाणी किती पिते. जगदेव खाली पाहू लागला. ताप जखमेचा कमी आणि पाणी तोडल्याचा जास्त होता. लघवीची जळजळ तिनं कुणाला सांगितलीच नव्हती. नवऱ्याला सांगायची लाज, आणि दुसरं होतं कोण? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि बाहेर अंगणात येऊन जगदेवला स्पष्ट सांगितलं की गोळ्यांनी हा ताप उतरेल, पण पाणी प्याली नाही तर पुढचा उतरणार नाही. तिला औषधापेक्षा बाईमाणूस हवं आहे, दिवसातून एकदा का होईना. ते मी बाटलीत भरून देऊ शकत नाही.

म्हणजे डॉक्टर आणि मारोतराव एकच गोष्ट सांगत होते. फरक एवढाच, की डॉक्टरांनी ते बाईमाणूस कुठून आणायचं हे सांगितलं नव्हतं. जगदेवनं ठरवलं की मग आपणच शोधायचं. त्यानं चुलत्याची सून विचारली, शेजारीण विचारली. पेरण्या अंगावर होत्या, प्रत्येकीचे हात गुंतलेले. आणि खरं सांगायचं तर फुकट कुणी किती दिवस करावं?

पुढच्या बाजारी तो पुन्हा ओसरीवर शेवटाला बसला. आत पडद्यामागं डॉक्टर चतुराबाईला तपासत होते. काय झालं होतं ते जगदेवला कळायचं कारण नव्हतं, पण डॉक्टरांचा आवाज बाहेर येत होता. आजपासून सासऱ्यांना उचलायचं नाही, अजिबात नाही. उचललंत तर तुमचीच खाट शेजारी टाकावी लागेल. चतुराबाई बाहेर आली. तिच्या कडेवर तान्ही पोर होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "मंग कोन उचलीन? घरचे सूर्य उगवायच्या आंदी वावरात जातात. बुढा तं पयलवान होता, अजून तेवढाच जड हाय. मी नाई उचलला तं तो तसाच लोळीन घानीत."

जगदेवनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. त्याच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते फार हुशारीचं नव्हतं. कुणब्याच्या डोक्यात वखराच्या दिवसांत जे येतं तेच आलं.

"सावड करू," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. जगदेवनं जमिनीकडं बघत सांगितलं, "मी रोज सकाळी जाऊन बुढ्याले उचलतो, आंघोळ घालतो. माह्यं अंग तेवढं चालते. वयनीनं माह्या घरी येऊन बाईचं करावं. उचलायचं मी करीन, त्यायनं फक्त धुवा-पुसायचं. बैलाची सावड होते, तं माणसाची काहून नाई होनार?"

म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहू लागल्या. चतुराबाईनं पदर पुढं ओढला. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते म्हणणं तिच्या नवऱ्याचं होतं. डॉक्टर मात्र खेकसले नाहीत, हीच एक मोठी गोष्ट. त्यांनी जगदेवला तिथंच बाकाजवळ उभं केलं आणि कंपाउंडरला पुन्हा आडवं पाडून, जड माणसाला एकट्यानं, आपल्या कमरेवर भार न घेता, खाटेवरून पाटावर कसं घ्यायचं ते त्याच्याकडून दोनदा करवून घेतलं. दुसऱ्या वेळी कंपाउंडर म्हणाला की यावेळी दुखलं नाही.

सावडीत मागायला जायचं नसतं, आधी आपण करून द्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी जगदेव उजाडताच जानरावच्या दारात गेला. जानराव बैल सोडत होता. त्याला जगदेवचं म्हणणं ऐकूनच कसंतरी झालं. परका माणूस आपल्या बापाला धुणार, आणि आपली बायको त्याच्या घरी जाणार. लोक काय म्हणतील? जगदेव म्हणाला की लोक मला आधीच म्हणतात, त्यात तुझी थोडी भर. जानरावला हसू आलं, पण तो हो न म्हणताच वावरात गेला.

दुपारी तो परत आला तेव्हा त्याचा बाप घराच्या ओट्यावर उन्हात बसलेला होता. भिंतीला टेकून, मागं गोधड्यांची वळकटी, दाढी केलेली, डोक्याला तेल. वर्षभर त्यानं उंबऱ्याबाहेरचं काही पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याची वाचा गेलेली, पण तो रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला चांगला हात वर करून राम राम करत होता. जानराव बैलाची वेसण हातात धरून बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग घरात जाऊन त्यानं बायकोला सांगितलं की उद्यापासून जा.

तुळसाबाईनं चतुराबाईला सुखासुखी हात लावू दिला असं नाही. लोकाच्या बाईनं माझं का करावं, असं ती म्हणाली, आणि पांघरूण घट्ट धरून बसली. चतुराबाईही काही मऊ बोलणारी नव्हती. "मी फुकट नाई करत, बाई. तुमच्या घरचे माह्या सासऱ्याले उचलतात. मी त्याची सावड फेडून राह्यली. न्हाऊ घालू देत नसान तं मी त्यायले सांगतो, उद्यापासून येऊ नका." तुळसाबाईनं पांघरूण सोडलं. जगदेवला बाहेर पाठवून दार लोटून घेतलं गेलं. आत पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि मग बोलण्याचाही. त्या दिवशी तुळसाबाई तांब्याभर पाणी प्याली. जगदेवनं रिकामा तांब्या उलटा करून पाहिला, कारण त्याला खरं वाटेना.

गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. पाणवठ्यावर, पारावर, जिथं बसायला सावली होती तिथं तिथं. चतुराबाई रोज खालून वर जात राहिली आणि जगदेव रोज वरून खाली. लोक बोलून थकले. ही दोघं जायला थकली नाहीत. शेवटी बोलणं दुसऱ्या कुणावर तरी गेलं. पोटाला लागतं तसं गावाला रोज नवं काही लागतंच.

थोड्या दिवसांनी तुळसाबाईलाच एक गोष्ट सलायला लागली. तिनं चतुराबाईला विचारलं, "सगळे देऊन-घेऊन राह्यले. मी काय देतो? मी तं नुसती घेतो."  दुसऱ्या दिवशी येताना चतुराबाईनं आपल्या पोरीची झोळी आणली, आढ्याला बांधली आणि झोळीची दोरी तुळसाबाईच्या उजव्या हातात दिली. आपल्याला निंदणाला जायचं आहे, पोर घरी कुणाजवळ ठेवायची सोय नाही, दुपारपर्यंत हिला सांभाळा, म्हणाली. आळीतल्या बायकांनी तिला वाटेत गाठून बजावलं होतं, जिचं स्वतःचं राहिलं नाही तिच्याजवळ आपलं लेकरू कुणी देतं का. चतुराबाईनं त्यांना काय उत्तर दिलं कोण जाणे, पण त्या पुन्हा तिच्या वाटेला गेल्या नाहीत.

जगदेव दारात उभा होता. त्यानं पाहिलं, तुळसाबाईनं दोरी हातात धरली आणि तिचं तोंड असं झालं की आता ती फेकून देईल. ती रडली. मनसोक्त रडली, बाळ गेलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मग पोर झोळीत कुरकुरली आणि हिनं दोरी ओढली. त्या दुपारी जगदेव पहिल्यांदा मारोतरावांच्या वावरात जाऊन पूर्ण वेळ डवरा धरून आला.

पोळा आला. बैलांची शिंगं रंगवली, तोरणं तुटली. जगदेवला सणात लक्ष नव्हतं. शब्द दिलेला होता, आणि मारोतराव तो विसरणारे नव्हते. त्यांच्या मते बंदोबस्त झालेला नव्हताच. परक्याच्या बायकोच्या येण्याला कोणी बंदोबस्त म्हणतं का? आज येईल, उद्या तिचा सासरा गेला की येणार नाही. जगदेव भांडला असता, पण तुळसाबाईनं सवत आणायचा निरोप पाठवला होता, तो तिनं मागं घेतलेला नव्हता. त्यानं तिला विचारलंही नाही. ती अजून हो म्हणेल, ही त्याला भीती होती. नाही म्हणायला तो एकटा पुरा होता, पण तिच्या होकारापुढं त्याचा नकार काय कामाचा?

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मारोतराव रिसोडहून मुलीच्या मामाला घेऊन आले. मामा शहाणा माणूस होता. चहा झाल्यावर त्यानं सरळ सांगितलं की पोर द्यायला हरकत नाही, पण पहिली जिवंत आहे तर तिचा होकार मला तिच्या तोंडून ऐकायचा आहे. तळतळाटाच्या घरात मी पोर टाकणार नाही.

आता अडचण आली. तुळसाबाई आतल्या खोलीत, दार उघडं. पण मारोतराव तिचे भासरे. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही घराची रीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ती मारोतरावांशी एक शब्दही कधी बोललेली नव्हती. ते उठले. मी अंगणात जातो, तुम्ही विचारून घ्या, असं मामाला म्हणाले.

"जाऊ नका," आतून आवाज आला.

मारोतराव होते तिथं थांबले. तुळसाबाई उशाशी वळकटी घेऊन बसलेली होती, डोईवर पदर, उजव्या हातात झोळीची दोरी. झोळीत पोर झोपलेली होती, म्हणून ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द ओसरीवर येत होता. "भासरेबुवा, आज बोलतो, माफी करा. निरोप मीच धाडला होता. खोटा नव्हता. तवा मी मरनार होती, मले मरायचंच होतं, म्हनून म्हटलं, माह्या मांगं यायच्या घरात बाई असावी." ती थांबली. दोरी एकदा ओढली. "आता मी मरत नाई. मंग त्या पोरीले इथं आनून, तिले माह्या मरनाची वाट कायले पाहाले लावता?"

मामानं हात जोडले. तो म्हणाला की बाई, माझ्या पोरीचंच नशीब चांगलं की मी विचारलं. आणि त्यानं टोपी डोक्यावर ठेवली.

जगदेव खांबाजवळ उभा होता. त्याचे डोळे वाहायला लागले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. भाऊ पाहत होता, पाहुणा पाहत होता, पाहू देत. इतके महिने त्यानं दात आवळून जे धरून ठेवलं होतं, ते आता त्याला एकट्याला धरायचं नव्हतं.

मारोतराव वळले. मग उंबऱ्यापर्यंत आले, आत न पाहता, खाली मान घालून, पहिल्यांदाच भावजयीशी बोलले.

"तुह्या जाऊले उद्यापासून धाडतो," ते म्हणाले. "तिलेई सावडीत घेजो."